उपासनेत ट्यूबाचे एकल वादन : रचना कशी निवडावी

चर्चमध्ये ट्यूबा, म्हणजे पितळी सुषिर वाद्यांतले सर्वात खालच्या आवाजाचे मोठे वाद्य, वाजवणाऱ्याला बहुतेक वेळा ब्रास समूहाच्या मागच्या रांगेत बसून खालचा स्वर धरून ठेवण्याची सवय असते. अशा वादकाला पाळकसाहेब एके दिवशी सांगतात, "पुढच्या महिन्यात अर्पणाच्या वेळी तुम्ही एकट्यानेच काहीतरी वाजवा," आणि मग नेमके काय वाजवावे, हा प्रश्न उभा राहतो. व्हायोलिन, बासरी किंवा ट्रम्पेट वाजवणाऱ्यांना उपासनेसाठी तयार केलेले संग्रह सहज मिळतात. ट्यूबासाठी असे साहित्य तुलनेने थोडे आहे, आणि एकल वादनासाठी जे आहे, त्यातले पुष्कळसे परीक्षा, स्पर्धा व मैफली डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे.

मी अमेरिकेतील एका प्रोटेस्टंट मंडळीत ट्यूबा वाजवतो. इथल्या शाळा-कॉलेजांच्या बँडमध्ये हे वाद्य शिकलेली मराठी मुले-मुली आणि महाराष्ट्रात मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मीच्या) बँडमध्ये बास वाजवणारे बंधुभगिनी, या दोघांनाही उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे. दोन गोष्टी आधीच सांगतो, कारण पुढचे सर्व टप्पे त्यांच्यावरच उभे आहेत. रचनेचा शोध आपल्या संग्रहापासून सुरू न करता त्या दिवशीच्या शास्त्रपाठापासून सुरू करावा. आणि ट्यूबा हा खर्जातला गायक आहे असे समजून, जे गाता येईल तेच वाजवावे.

सुरुवातीला जवळ असाव्यात अशा गोष्टी

- त्या रविवारचा उपासनाक्रम आणि शास्त्रपाठांची यादी
- मंडळीचे गीतपुस्तक. शक्यतो वृत्तांची आणि शास्त्रवचनांची सूची असलेली आवृत्ती
- बायबल
- ट्यूनर, पेन्सिल आणि मोबाइलवरील ध्वनिमुद्रणाची सोय
- हात नसलेली खुर्ची, नोटेशनचा स्टँड आणि व्हॉल्व्हमधले पाणी टिपण्यासाठी छोटा टॉवेल
- साथीदारासाठी स्वतंत्र प्रत

१. उपासनेतील जागा आधी ठरवा

उपासनेपूर्वीचे वादन, अर्पण, प्रभुभोजन आणि आशीर्वादानंतरचे वादन या चार जागांची गरज वेगवेगळी असते. उपासनेपूर्वी लोक येत असतात, बसत असतात, हळू आवाजात बोलत असतात. तिथे चार-पाच मिनिटांची संथ रचना चालते आणि ती मध्येच थांबवावी लागली तरी बिघडत नाही. अर्पणाचा वेळ मात्र थैल्या फिरवणाऱ्यांच्या हातात असतो. तो कधी दोन मिनिटांत संपतो, तर कधी चार मिनिटे लागतात. म्हणून तिथे अशी रचना घ्यावी की जिचे एखादे कडवे गाळता येईल किंवा पुन्हा वाजवता येईल, आणि त्या जागा साथीदाराच्या प्रतीवर पेन्सिलीने दाखवून ठेवाव्यात. प्रभुभोजनाच्या वेळी आवाज सौम्य हवा. आशीर्वादानंतर मात्र ट्यूबाला मोकळेपणाने वाजू द्यावे.

कॅथलिक चर्चमध्ये वाजवणार असाल, तर एक नियम आधीच माहीत असायला हवा. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांनुसार उपवासकाळात (लेंटमध्ये) ऑर्गन व इतर वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यासाठी वाजवता येतात. अपवाद त्या काळातील चौथा रविवार, महासण आणि सण यांचा. म्हणजे उपवासकाळातील एरवीच्या रविवारी ट्यूबाचे एकल वादन बसत नाही, मग रचना कितीही भक्तिपूर्ण असो. धर्मगुरू स्वतः म्हणावयाच्या प्रार्थना म्हणत असताना पार्श्वसंगीतही वाजवायचे नसते. वसईकडील मराठी मिस्सांनाही हेच लागू आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत याबाबत एकच एक नियम नाही, त्यामुळे पाळकसाहेबांना विचारावे. आणि ते तोंडी विचारण्यापेक्षा रचनेचे नाव, कालावधी व मूळ शब्द कागदावर लिहून दाखवावेत.

२. शास्त्रपाठ वाचा, मग रचना शोधा

अनेक मंडळ्या तीन वर्षांच्या चक्रानुसार शास्त्रपाठ वाचतात, त्यामुळे महिनाभर आधी पाठ कळू शकतात. ते सगळे सावकाश वाचावेत. वाद्यसंगीताला शब्द नसतात, असे आपण म्हणतो; परंतु मंडळीला ओळखीच्या गीताची चाल ऐकू आली की शब्द तिच्या मनात आपोआप चालू होतात. म्हणून गीताचे शब्द त्या दिवसाच्या पाठाशी जुळतात की नाही, हे पाहणे हा निवडीचा पहिला निकष आहे, आणि चाल ट्यूबावर कशी वाजते हा दुसरा.

३. आपल्या वाद्याची पट्टी व आपला दमसास ओळखा

ट्यूबा मुख्यतः चार पट्ट्यांत मिळतो. आपल्या हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे, तर एफ ट्यूबा पांढरी चारचा, ई फ्लॅट काळी दोनचा, सी पांढरी एकचा आणि बी फ्लॅट काळी पाचचा. पहिले दोन आकाराने लहान, वरच्या स्वरांत मोकळे आणि एकल वादनाला सोयीचे. पुढचे दोन जड व भरदार. तुमच्याकडे फक्त बी फ्लॅट असेल तर थांबण्याचे कारण नाही, पण चाल फार वर नेऊ नये.

वाचनाची पद्धत हा नवख्यांचा सर्वात मोठा घोळ आहे. अमेरिकेत ट्यूबा कोणत्याही पट्टीचा असो, तो बास क्लेफमध्ये (खालच्या स्वरांसाठीच्या लेखनखुणेत), जसा ऐकू येतो तसाच लिहितात. ब्रिटिश ब्रास बँडच्या आणि मुक्तिफौजेच्या परंपरेत मात्र बासचे भाग ट्रेबल क्लेफमध्ये (वरच्या स्वरांसाठीच्या खुणेत), पट्टी बदलून लिहिलेले असतात. या दुसऱ्या पद्धतीत शिकलेल्या ई फ्लॅट बासवादकाला बास क्लेफची प्रत मिळाली, तर एक सोपी युक्ती आहे : पाच रेषांचा तोच स्टाफ ट्रेबल क्लेफ आहे असे समजून वाचावे आणि पट्टीत तीन शार्प वाढवावेत, किंवा तीन फ्लॅट कमी करावेत. तीन फ्लॅटची ई फ्लॅटमधली चाल मग सरळ सी मेजर होऊन समोर येते. मध्येच येणारे शार्प-फ्लॅट मात्र नीट तपासून घ्यावे लागतात.

दमसासाचा विचार रचना निवडतानाच करावा. बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल सूटमधील 'एअर' अनेकांना वाजवावीशी वाटते. पण तिचा पहिलाच स्वर इतका लांब आहे की संथ लयीत, ट्यूबाच्या खालच्या सप्तकात, तो एका श्वासात टिकवणे नवख्याला जड जाते, आणि पहिल्याच स्वराला श्वास तुटला की ऐकणाऱ्याचे लक्ष पुढे श्वासावरच राहते. गीताची चाल घेतली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वासाला हक्काची जागा मिळते. तरीही चाल वाजवण्यापूर्वी शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. वाक्य जिथे तुटते तिथेच श्वास घ्यावा, शब्दाच्या मध्ये घेऊ नये.

४. रचना कुठे शोधाव्यात

ट्यूबाचे पेटंट १८३५ साली प्रशियात व्हीप्रेख्ट आणि मोरित्झ यांनी घेतले. बाख आणि हँडेल यांच्या काळात हे वाद्यच नव्हते. त्यामुळे जुन्या भक्तिसंगीतातून जे घ्यायचे ते उसनेच घ्यावे लागते. त्यात कमीपणा काहीच नाही. ट्यूबाच्या आधी त्याच्या जागी असलेले सर्पंट नावाचे नागमोडी वाद्य फ्रान्समधल्या चर्चमध्ये गायकांच्या आवाजाला आधार देण्यासाठीच वापरले जात होते. खालच्या आवाजाच्या सुषिर वाद्याने उपासनेत बसणे ही जुनी रीत आहे.

पहिला व सर्वात समृद्ध साठा म्हणजे ऑरेटोरिओ आणि कँटाटा (गायक व वाद्यवृंदासाठीच्या, बहुधा धार्मिक विषयांवरच्या रचना) यांतील बास आवाजासाठी लिहिलेली गाणी. ती खर्जातल्या गायकासाठीच लिहिलेली असल्यामुळे स्वरांचा पल्ला जवळपास आपल्याला बसणारा असतो, आणि पुष्कळांचे शब्द थेट बायबलमधले असतात, म्हणजे शास्त्रपाठाशी जोडणी आयतीच होते. हँडेलच्या 'मेसाया'मध्ये यशया ९:२ वरील, अंधारात चालणाऱ्या लोकांविषयीचे गाणे आहे. त्यातली चाल अंधारात चाचपडत जावे तशी वळत-वळत पुढे जाते, आणि नाताळच्या सुमारास तोच पाठ वाचला जात असल्यामुळे हे गाणे अचूक जागी बसते. त्याच कृतीतील शेवटच्या कर्ण्याचे गाणे १ करिंथ १५ वर आहे. ते पुनरुत्थानाच्या सणाला शोभते, पण त्यात ट्रम्पेटचा स्वतंत्र भाग आहे आणि पहिला भाग पुन्हा वाजवून ते पूर्ण केले तर लांबी फार होते. म्हणून ट्रम्पेटवादक सोबत घ्यावा आणि पहिलाच भाग वाजवून थांबावे.

मेंडेल्सनच्या 'एलीया'ची नोंद आवर्जून ठेवावी. ही कृती १८४६ साली बर्मिंगहॅममध्ये प्रथम सादर झाली आणि तिच्यात संदेष्ट्याची भूमिका खालच्या पुरुषी आवाजाला दिलेली आहे. डोंगर ढळतील, पण माझी दया ढळणार नाही, या अर्थाच्या यशया ५४:१० वरचे छोटे गाणे अर्पणाच्या वेळेत सहज मावते, आणि नवख्याने एकच बास गाणे शिकायचे ठरवले तर मी हेच सुचवीन. 'आता पुरे झाले' असे म्हणत एलीया स्वतःसाठी मरण मागतो, ते गाणे अधिक प्रसिद्ध आहे व चेलोवादक साथीला मिळाल्यास फार उत्कट होते. परंतु १ राजे १९ चा पाठ असेल त्याच दिवशी ते घ्यावे. अंत्यविधीत ते वाजवायचे असेल, तर शब्द काय आहेत हे कुटुंबाला आधी सांगून त्यांची संमती घ्यावी. एखाद्या घरात गेलेल्या माणसाने खरोखरच मरण मागितलेले असू शकते.

अंत्यविधीसाठी बाखच्या ८२ व्या कँटाटातील निद्रेचे गाणे मला अधिक योग्य वाटते. बाखने ही कृती २ फेब्रुवारी १७२७ च्या सणासाठी, बालक येशूला हातांत घेणाऱ्या शिमोनाच्या प्रसंगावर रचली. हे गाणे मूळ ई फ्लॅटमध्येच आहे, त्यामुळे काळी दोनच्या ट्यूबावर ते अगदी स्वाभाविक वाटते. पूर्ण गाणे लांब आहे. इथेही पहिला भाग पुरेसा होतो.

ब्राम्सच्या १८९६ मधील चार गंभीर गीतांपैकी चौथे १ करिंथ १३ वर आहे आणि म्हणून विवाहाच्या उपासनेत विचारले जाते. संग्रह उघडल्यावर पहिलेच गीत घेऊ नका. पहिली तिन्ही गीते मृत्यूविषयी आहेत.

दुसरा साठा गीतपुस्तकाचा. आगमनकाळातील 'व्हेनी इमॅन्युएल' ही चाल ट्यूबावर इतकी शोभते की सुरुवात तिथूनच करावी, असे मी म्हणेन : जुन्या पठणासारखी संथ, साधारण एका सप्तकात फिरणारी, उड्या थोड्या. 'अमेझिंग ग्रेस' पाच स्वरांची आहे, सा रे ग प ध. भूप ऐकलेल्या कानाला ती लगेच आपली वाटते. धर्मसुधारणेच्या रविवारी ल्यूथरचे 'बळकट दुर्ग' घ्यावे. संध्याकाळच्या उपासनेत किंवा निरोपाच्या प्रसंगी 'अबाइड विथ मी' आहे, जी भारतात प्रजासत्ताकदिनानंतरच्या बीटिंग रिट्रीटमुळे चर्चबाहेरही ओळखीची झाली. नाताळची गीते खालच्या ब्रास वाद्यांवर किती चांगली वाजतात, हे हार्वे फिलिप्स यांनी १९७४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये सुरू केलेल्या ट्यूबा ख्रिसमसने दाखवून दिले आहे. त्या मेळाव्यासाठीच्या चार भागांच्या रचना दोन ट्यूबा व दोन युफोनियम (ट्यूबाहून लहान, थोडे वरच्या आवाजाचे ब्रास वाद्य) मिळाले, तर चर्चमध्येही वाजवता येतात.

मूळ ट्यूबासाठीच लिहिलेले काही हवे असेल, तर इंग्लिश संगीतकार व्हॉन विल्यम्स यांच्या ट्यूबा कॉन्चेर्टोचा (एकल वाद्य व वाद्यवृंदाच्या रचनेचा) मधला संथ भाग, रोमान्झा, पाहावा. तो धार्मिक नाही, पण उपासनेपूर्वीच्या शांततेत शोभतो. १९५४ साली लंडनमध्ये या कॉन्चेर्टोचे पहिले वादन करणारे फिलिप कॅटेलिनेट हे मुक्तिफौजेचे वादक व संगीतकार होते, हे आपल्या मुक्तिफौजेच्या बासवादकांनी जरूर लक्षात ठेवावे.

५. मराठी गीत घ्यायचे असेल तर

नारायण वामन टिळक यांची अभंग-भजने आणि 'उपासना संगीत' या मराठी गीतपुस्तकातील देशी चालींची गीते ट्यूबावर वाजू शकतात, आणि परदेशातील मराठी मंडळीत ती वाजली तर लोकांच्या डोळ्यांत पाणी येते. मात्र ती कॉर्डच्या (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहाच्या) आधाराने उभी नसतात. पियानोवादकाला प्रत्येक स्वराखाली कॉर्ड भरायला सांगू नका. हार्मोनियमवर सा-प धरून ठेवावा, हवा तर हलका तबला घ्यावा, आणि चाल ट्यूबाने एकट्याने गावी. मींड व्हॉल्व्ह अर्धवट दाबून ओढण्यापेक्षा ओठांच्या ताणाने, अगदी थोडी घ्यावी. जड वाद्यावर ती अतिरेकी झाली की भजनाचे गांभीर्य जाते. कणस्वर मोजकेच ठेवा. एखादे कडवे कोणी गाऊन दाखवल्यावर पुढचे कडवे ट्यूबाने घेतले, तर ज्यांना मराठी वाचता येत नाही अशा तरुण पिढीपर्यंतही चाल पोहोचते.

६. संगत कशी असावी

पुष्कळ चांगल्या निवडी इथे फसतात, म्हणून हा टप्पा सविस्तर लिहितो. गीतपुस्तकातील चार आवाजांची मांडणी चाल सर्वात वर असेल असे धरून केलेली असते. तीच चाल ट्यूबाने दोन सप्तके खाली नेली की ती सर्वात खालचा स्वर होऊन बसते, आणि कॉर्डचा पाया म्हणून कान तिलाच ऐकू लागतो. समजा पियानोवर षड्जाची कॉर्ड आहे आणि चालीत त्या क्षणी पंचम आहे. वर असताना तो पंचम निवांत वाटतो. ट्यूबाने तोच सर्वात खाली वाजवला की सारी कॉर्ड अधांतरी लोंबकळू लागते आणि पुढे कुठेतरी उतरले पाहिजे असे वाटत राहते. वादक सुरात असतो, साथीदार सुरात असतो, तरी मंडळीला काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

यावर उपाय आहेत. ऑर्गन असेल तर पायांनी वाजवायच्या पेडलवर सोळा फुटी स्टॉप (नळ्यांचा संच) लावून खरा बास ट्यूबाच्या खाली वाजवून घ्यावा. सोळा फुटी स्टॉप लिहिलेल्या स्वराच्या एक सप्तक खाली वाजतो, त्यामुळे पाया पुन्हा जागेवर येतो. फक्त पियानो असेल तर चाल ट्यूबाच्या वरच्या भागात आणावी, म्हणजे बास क्लेफच्या मधल्या ओळीच्या आसपास, आणि डाव्या हाताने खाली एकेकच स्वर किंवा सप्तकाची जोडी वाजवावी. डाव्या हाताने खाली दाट कॉर्ड धरल्या तर ट्यूबाचा आवाज त्यांच्यात बुडून जातो. उजवा हात मध्य सीच्या वर मोकळा खेळू द्यावा. तिसरा मार्ग म्हणजे एक कडवे ट्यूबाने बिनसाथीचे वाजवणे; मला तो सर्वांत आवडतो, विशेषतः उत्तम शुक्रवारी.

पट्टी ठरवताना साथीदाराशी आधी बोलावे. ब्रास वाद्यांना फ्लॅटच्या पट्ट्या सोयीच्या असतात. गीतपुस्तकात गीत डी किंवा ई मध्ये असेल, तर ते ई फ्लॅट किंवा एफ मध्ये नेता येते का ते विचारावे. पण वादनानंतर लगेच मंडळी तेच गीत गाणार असेल, तर मंडळीचीच पट्टी ठेवावी.

७. टाळावयाच्या रचना

ट्यूबाच्या जुन्या एकल रचनांत 'बील्झेबब' नावाची एक लोकप्रिय रचना आहे. वाजवायला आनंददायक, पण हे नाव शुभवर्तमानात भुतांच्या अधिपतीचे आहे. उपासनाक्रमात ते छापले जाणे कोणत्याही मंडळीला रुचणार नाही. हत्ती, राक्षस, समुद्राचा तळ यांची चित्रे काढणाऱ्या मैफलीच्या रचनाही बाजूला ठेवाव्यात, कारण त्या ट्यूबाकडे गमतीचे वाद्य म्हणून पाहायला लावतात. कार्यक्रमात त्या जरूर वाजवा. अवघड व्हेरिएशन असलेल्या रचनांबद्दल स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे ऐकताना मंडळी प्रार्थना करील, की माझी बोटे पाहील?

८. हक्क आणि परवानग्या

बाख, हँडेल, मेंडेल्सन यांच्या मूळ रचना सर्वांना खुल्या आहेत, पण त्यांचे आजच्या कोणी केलेले ट्यूबा-रूपांतर त्या व्यक्तीच्या हक्कात असू शकते; प्रतीच्या तळाशी छापलेली ओळ वाचावी. अमेरिकेच्या कायद्यात उपासनेदरम्यान प्रत्यक्ष वाजवण्याला सूट आहे, पण ती इंटरनेटवरील थेट प्रक्षेपणाला लागू होत नाही. त्यासाठी मंडळीकडे वेगळा परवाना आहे का, हे कार्यालयात विचारावे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये प्रामाणिक धार्मिक विधीतील सादरीकरणाला सूट आहे, आणि हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. व्हॉन विल्यम्स १९५८ साली वारले. त्यामुळे त्यांची रचना भारतात खुली झाली आहे, अमेरिकेत ट्यूबा कॉन्चेर्टो अजून नाही. नोटेशनची झेरॉक्स ही बाब यांहून वेगळी आहे. साथीदारासाठी दुसरी प्रत विकतच घ्यावी.

९. त्याच जागेत तालीम करा

रचना पक्की करण्यापूर्वी एकदा चर्चमध्येच वाजवून पाहावी. दगडी, उंच छताच्या इमारतीत खालचे स्वर उशिरा विरतात आणि जलद स्वर एकमेकांत मिसळतात. घरी स्पष्ट वाटलेली लय तिथे गढूळ होते. ट्यूबाचे तोंड बहुधा वर असते, म्हणून आवाज छतावरून परत येऊन लोकांपर्यंत पोहोचतो. मोबाइल शेवटच्या बाकावर ठेवून ध्वनिमुद्रण करावे आणि ऐकून ठरवावे. स्वर तुटक हवेत की जोडलेले, लय किती उतरवायची, हे तिथेच कळते. एखादी रचना तिथे नीट ऐकू येत नसेल, तर ती दुसऱ्या चर्चसाठी ठेवून द्यावी आणि या जागेसाठी साधी चाल घ्यावी.

तापमानाचाही विचार हवा. उकाड्यात ब्रासचा सूर चढतो आणि थंडीत उतरतो. हार्मोनियम मात्र जिथल्या तिथे राहते. महाराष्ट्रात पुनरुत्थानाचा रविवार मार्च-एप्रिलच्या उन्हात येतो, तेव्हा मुख्य ट्यूनिंग स्लाइड बाहेर ओढायला जागा शिल्लक आहे ना, हे पाहावे. अमेरिकेत नाताळच्या मध्यरात्री थंड गाडीतून आणलेले वाद्य अर्धा तास आधी आत आणून ठेवावे. उपदेश चालू असताना वाद्य गार होते, म्हणून आपली पाळी येण्यापूर्वी आवाज न करता त्यात ऊन श्वास सोडत राहावे आणि पाणी टॉवेलावर काढावे.

वादन झाल्यावर प्रतीच्या वरच्या कोपऱ्यात तारीख, उपासनेतील जागा, पट्टी, साथीदार कोण होते आणि प्रत्यक्षात किती मिनिटे लागली, हे पेन्सिलीने लिहून ठेवावे. पाळकसाहेबांनी किंवा मंडळीतील कोणी गीताच्या शब्दांविषयी काही सांगितले असेल, तर तेही तिथेच लिहावे. पुढच्या वर्षी तोच पाठ किंवा तोच सण आला की निवडीला सुरुवात या नोंदींपासून करता येते.